डबे बघण्याचा दिवस

पहिला डबा सबनीसबाईंनी उघडला तेव्हा मला वाटलं, पोरांच्या डब्यांना मुंग्या लागल्या असतील आणि बाई त्या झटकायला बसल्या असतील. एप्रिल संपत आला होता, शाळेत मुंग्यांचा सुळसुळाट होता. पण बाईंनी मुंग्या झटकल्या नाहीत. त्यांनी डब्याजवळ नाक नेलं, बोटाच्या टोकानं उसळ थोडी बाजूला सारली आणि शेजारी बसलेल्या जगदाळेसरांना म्हणाल्या, "मटकीची आहे. लसूण अंमळ जास्त झालाय, पण घराला वळण दिसतंय." मग झाकण लावून त्यांनी दुसरा डबा पुढे ओढला.

मी दारातच थबकले. माझ्या हातात तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. मुलं पलीकडच्या हॉलमध्ये चित्रं काढत बसली होती आणि त्यांची दप्तरं या खोलीत भिंतीला ओळीनं टेकवून ठेवलेली होती. सकाळी ती इथे ठेवायला का सांगितली, हे मला आत्ता कळत होतं.

"या, पवारबाई," सबनीसबाई म्हणाल्या. "समितीतलं तुमचं पहिलंच वर्ष ना? बसा, शिकून घ्या. पेपरात मूल कळत नाही. डबा बघितला की कळतं."

मुंबईत नशीब काढलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं आमच्या शाळेला मोठी देणगी दिली होती आणि तिच्यातून पाचवीपासूनचा 'प्रज्ञा वर्ग' निघाला होता. तालुक्यातली हुशार मुलं वेचून आणायची, त्यांना दहावीपर्यंत वसतिगृहात ठेवायचं, जेवणखाण, पुस्तकं, कपडे सगळं फुकट. कल्पना चांगलीच होती. वाईट एवढंच की वेचण्याचं काम आमच्याकडे होतं.

निवड समितीत आम्ही तिघं. सबनीसबाई शाळेतल्या सगळ्यांत जुन्या. हेडमास्तरसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय वेळापत्रकाला हात लावत नसत. जगदाळेसर गणिताचे, अंगानं आडवे, आणि वारा येईल तशी पाठ फिरवणारे. तिसरी मी, हंगामी शिक्षिका. जूनमध्ये मला कायम करायचं की घरी बसवायचं, हे सबनीसबाईंच्या शब्दावर होतं आणि त्या मधूनमधून गोड बोलून मला त्याची आठवण करून देत.

लेखी परीक्षेचे गुण होते, कोड्यांचे गुण होते आणि शेवटी 'निरीक्षणा'चे. मूल दिवसभर कसं वागतं ते पाहून समितीनं ते द्यायचे. काय पाहायचं, हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. मात्र ते गुण इतके होते की पहिला आलेला मुलगा त्यांनी सहज मागे फेकता येई. त्या खोलीत बसल्यावर मला समजलं की निरीक्षण म्हणजे हे. पोरांच्या नकळत त्यांचे डबे उघडायचे, हुंगायचे, आणि झाकणं लावून परत दप्तरात सारायचे.

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. पण मी बसले, कारण माझा सगळा जीव हौसा लोंढे नावाच्या पोरीत अडकला होता.

नगरपालिकेच्या शाळेतल्या एक बाई तिला सकाळी हाताला धरून घेऊन आल्या होत्या. मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं की हौसाचे आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की टोळीबरोबर कारखान्यावर, ते थेट उन्हाळ्यात परत. पोरीला मागे ठेवायचं तर बघणारं कुणी नाही. मागच्या दिवाळीनंतर तिची अर्धी चौथी बुडाली, तरी परीक्षेत पहिली आली. वसतिगृह मिळालं तर ती शिकेल. नाही मिळालं तर येत्या दिवाळीला मोळ्या बांधायला उभी राहील आणि एक-दोन वर्षांत तिच्या हातात कोयता येईल. "एवढी एकच संधी आहे बघा तिला," असं म्हणून त्या बाई गेल्या. जाताना तीनदा मागे वळून बघत होत्या.

हौसा हाडकुळी, डोक्याला चपचपीत तेल, अंगात कुणाचा तरी, तिला मोठा होणारा फ्रॉक. बोलायला मुखदुर्बळ. पण लेखी पेपरात तिचं एकही गणित चुकलं नव्हतं. मग कोड्यांच्या तासाला आम्ही प्रत्येक मुलासमोर सहा काड्या ठेवल्या आणि काड्या चिकटवायला शाडूच्या मातीचा एक गोळा दिला. एवढ्यात चार त्रिकोण करून दाखवा, असं सांगितलं. सगळी मुलं काड्या बाकावर आडव्या मांडून, मोडून, पुन्हा मांडून घामाघूम झाली. हौसा बराच वेळ काड्यांना हातच लावेना. मग तिनं तीन काड्यांचा त्रिकोण मांडला, त्याच्या तिन्ही कोपऱ्यांवर मातीचा ठिपका दिला आणि उरलेल्या तीन काड्या उभ्या करून वर एकत्र टेकवल्या.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"खोप," ती म्हणाली. "कारखान्यावर आमी ह्यातच ऱ्हातो." मग मला कळलं नसेल असं वाटून तिनं बोटानं एकेक त्रिकोण दाखवला. बाजूचे तीन दाखवून झाल्यावर म्हणाली, "आन् खाली बी एक हाय की. तो दिसत न्हाई."

त्या तासाला मी इतकी हरखले होते की जगदाळेसरांचा खांदा धरून त्यांना तिच्या बाकापाशी नेलं. सरांनी मान हलवली. "कुणीतरी सांगितलं असणार," म्हणाले आणि पुढे गेले.

तिच्या शेजारच्या बाकावर अनघा शेवडे होती. गावातल्या डॉक्टर शेवड्यांची मुलगी. तेव्हा डॉक्टरांची मुलंसुद्धा नगरपालिकेच्याच शाळेत जात, त्यामुळे या दोघी एका वर्गातल्या. अनघाही हुशार होती, चुणचुणीत होती. तिला दोन त्रिकोण जमले आणि पुढचे दोन जमत नाहीत हे तिनं सरळ सांगून टाकलं. मला ती आवडली. तिच्याबद्दल माझी आजही काही तक्रार नाही.

तर डबे. सबनीसबाई एकेक डबा उघडत होत्या आणि प्रत्येक डब्यात त्यांना एक आख्खं घराणं दिसत होतं. कुणाच्या आईला उरक नाही, कुणाचे वडील आंबटशौकीन, कुणाच्या घरी देवाधर्माचं काही दिसत नाही. जगदाळेसर हो ला हो करत होते आणि आकडे मांडत होते. मी एकदा म्हणाले की मुलांनी डबे काही स्वतः केलेले नाहीत. बाई हसल्या. म्हणाल्या, "अहो, मूल म्हणजे तरी काय? घरच ना?"

मग त्यांनी एक चकचकीत स्टीलचा डबा उघडला आणि एकदम मागे सरकल्या. पदर नाकाला लावला. खोलीभर सुकटीचा वास पसरला. आत ज्वारीची भाकरी होती आणि तिच्यावर कांदा, मिरची घालून परतलेली लालभडक सुकट.

"शी," बाई म्हणाल्या. "परीक्षेच्या दिवशी तरी... कुणाचा आहे हा?"

जगदाळेसरांनी झाकण उलटं करून बघितलं. डब्यावर नाव घातलेलं होतं, सौ. उषा शेवडे.

बाईंचा पदर खाली आला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मला ते नीट दिसलं. आठी आपोआप उलगडली. "डॉक्टरांकडचा होय," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. वाढत्या वयात मुलांना सकस लागतं. डॉक्टरांचं घर, जुन्या समजुती धरून बसणारी माणसं नव्हेत ती. मुलगी मोकळ्या वातावरणात वाढलेली दिसते हो. लिहा, सर."

सरांनी लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी दोन बोटांनी चिमूटभर सुकट उचलली, तोंडात टाकली आणि बोटं चाटली. "फक्कड झालीय," ते म्हणाले. लहान मुलीच्या डब्यात ती बोटं घातली, तीच चाटली आणि त्याच बोटांनी पुन्हा पेन धरलं.

पुढचं दप्तर हौसाचं होतं. कापडी पिशवी, आत फडक्यात बांधलेला ॲल्युमिनियमचा चेपका डबा. मला वाटलं, आता हिची भाकरी आणि हिची चटणी निघणार आणि बाई पुन्हा पदर लावणार. पण आत पोळ्या निघाल्या. पातळ, पदर सुटलेल्या, तूप आणि गूळ लावून गुंडाळलेल्या.

मला मनातून हसू आलं, कारण काय झालंय ते माझ्या ताबडतोब लक्षात आलं होतं. पोरींनी डब्यांतल्या खाण्याची अदलाबदल केली होती. माझ्या मनात आलं, बरं झालं, आता या बाईंच्याच मापानं हौसाला पैकीच्या पैकी पडू देत. मी गप्प राहून गंमत बघायचं ठरवलं.

बाईंनी पोळी उचलून उजेडात धरली. उलटीसुलटी करून बघितली. मग खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "ही पोळी हिच्या घरची नाही."

सरांनी एक तुकडा मोडून खाल्ला. "साजूक तूप आहे," ते म्हणाले. "लोंढ्यांकडे कुठून येणार?"

"तेच म्हणते मी. हात चलाख दिसतोय पोरीचा. अशा मुलीला वसतिगृहात चार मुलींच्या ट्रंका-पेट्यांत ठेवायची म्हणजे..."

माझं हसू कुठच्या कुठे पळालं. मी म्हणाले, शेजारच्याच डब्यात सुकट-भाकरी निघाली आहे, दोघी एका वर्गातल्या आहेत, पोरी डबे बदलून खातात हे शाळेतल्या शिपायालाही ठाऊक आहे. बाई म्हणाल्या, शेवड्यांची मुलगी हिच्या हातचं कशाला खाईल.

"म्हणजे सुकट शेवड्यांच्या घरची आणि पोळी चोरीची, असंच ना?"

"चोरी हा शब्द मी वापरलेला नाही, पवारबाई," त्या म्हणाल्या आणि शिपायाला सांगून हौसाला बोलावून घेतलं.

ती आली तेव्हा तिच्या बोटांना हिरवा रंग लागलेला होता. टेबलावर आपलं फडकं सोडलेलं बघून ती दारातच उभी राहिली. सबनीसबाईंनी आवाजात साखर घोळली. या पोळ्या कुणाच्या, असं त्यांनी विचारलं.

"माज्या," हौसा म्हणाली.

"आईनं केल्या?"

कुणी दिल्या, कुठून घेतल्या, कुणाच्या पिशवीतून घेतल्या, बाई एकेक पायरी खाली उतरत राहिल्या आणि पोर पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत उभी राहिली. मी तिला म्हणाले, हौसा, सांग ग, काही होत नाही. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. शेवटी बाईंनी तिला व्हरांड्यात उभं राहायला सांगितलं.

मग मी उठले आणि हॉलमधून अनघाला घेऊन आले. तिनं टेबलाकडे बघितलं आणि तिला रडूच फुटलं. रडत रडत तिनं सांगितलं की तीच हौसाकडे सुकट मागते. हौसा शाळेत असेल तेव्हा नेहमीच बदलतात. आजीला कळलं तर आजी मारेल, म्हणून कुणाला सांगायचं नाही अशी तिनं हौसाला गळ्याची शपथ घातली आहे.

मला वाटलं, सुटलो. एवढं स्वच्छ उत्तर मिळाल्यावर आता काय उरतं?

सबनीसबाईंनी अनघाला जवळ घेतलं, पदरानं तिचे डोळे पुसले. "खरं बोलायला धाडस लागतं," त्या म्हणाल्या. "गरीब मैत्रिणीला आपल्यातलं देते, तिचं गोड मानून खाते. मोठ्या मनाची मुलगी आहे." अनघा गेल्यावर त्या सरांकडे वळल्या. "हिला निरीक्षणाचे पुरते द्या. आणि त्या दुसरीनं मात्र तोंडावर खोटं सांगितलं. माझ्या म्हणाली ना?"

"बदलल्यावर त्या तिच्याच झाल्या," मी म्हणाले. "आणि शपथ पाळली तिनं."

"मोठ्यांनी विचारल्यावर कसली शपथ? कोडगेपणा झाला हा. आत्मविश्वासही नाही. सर, तुमचं काय मत?"

सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांची चघळाचघळ चालूच होती. मघाच्या तुकड्यामागून उरलेली आख्खी पोळी त्यांनी संपवली होती. "बाई म्हणतात ते बरोबरच आहे," ते म्हणाले.

असली किळस मला त्याआधी कधी आली नव्हती. घाणीची किळस येते ती निराळी, पाण्यानं जाते. इथे सगळं स्वच्छ होतं, इस्त्रीचं होतं, आणि पोरीनं काहीही केलं तरी उत्तर आधीच ठरलेलं होतं. मी माझ्या पिशवीतून माझा डबा काढला आणि सबनीसबाईंच्या समोर ठेवला.

"माझाही बघा," मी म्हणाले.

त्या हसल्या. "अहो, तुमचा डबा आम्ही रोजच बघतो की."

"बघता, पण तो माझ्या घरचा नाही. आमच्या घरी पोळी होतच नाही. माझ्या आईला फक्त भाकरी येते. शाळेच्या वाटेवर आपटेकाकू राहतात, त्या मला पोळ्या लाटून देतात. दोन वर्षं झाली, मी त्यांच्या पोळ्या तुमच्या टेबलावर खातेय. घरी आम्ही सुकट खातो. पवार आडनावावरून तुम्हाला काही कळलं नाही, म्हणून तुम्ही कधी विचारलं नाहीत. आता माझे किती गुण कापता?"

सरांनी रुमाल काढून बोटं पुसली. मला वाटलं, बाई भडकतील, जूनची धमकी देतील. मला तेच हवं होतं. भांडता तरी आलं असतं.

सबनीसबाईंनी माझा हात हातात घेतला. "मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या, फार प्रेमानं म्हणाल्या. "तुमचं वेगळं आहे. तुम्ही शिकलात, सुधारलात. आता तुम्ही आमच्यातल्याच."

मी हात सोडवून घेतला. जेवणाची घंटा झाली.

हौसा व्हरांड्यातच उभी होती. मी तिचं फडकं तिला नेऊन दिलं आणि तिच्याजवळ पायरीवर बसले. तिनं मांडीवर डबा उघडला, बघितलं, पुन्हा बघितलं.

"बाई, एक पोळी कमी हाय."

"सरांनी खाल्ली," मी म्हणाले. खोटं सांगायला मला सुचलंच नाही.

तिनं उरलेल्या पोळ्या बोटानं मोजल्या. "मग त्यास्नी कुणी इच्यारलं का, कुणाच्या घरची म्हून?"

मी नाही म्हणाले. तिनं पोळीचा घास तोडला, पण तोंडात घातला नाही.

"बाई, माजं गणित कुठलं चुकलं?"

"एकही नाही."

"मग काड्या?"

"काड्याही नाही चुकल्या, हौसा. तुझं काहीच चुकलेलं नाही."

मी तिच्यापासून मुद्दाम काहीतरी लपवतेय, असं वाटल्यासारखं तिनं माझ्याकडे बघितलं. काहीच चुकलं नसेल तर दुरुस्त काय करायचं, हे तिला कळेना. मग ती मुकाट्यानं खाऊ लागली.

मी निकालावर सही केली नाही. हेडमास्तरांकडे गेले, झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि दोन सह्या पुरतात म्हणाले. अनघाचं नाव लागलं, हौसाचं लागलं नाही. जूनमध्ये मला कायम केलं. सबनीसबाईंनीच शिफारस केली आणि आपल्या मोकळ्या मनाचा दाखला म्हणून ती गोष्ट त्या वर्षभर सांगत राहिल्या. मला घर चालवायचं होतं, मी ऑर्डर घेतली. पण त्या दिवसापासून आपटेकाकूंच्या पोळ्या बंद केल्या. आईनं बांधून दिलेली भाकरी आणि सुकट शिक्षकांच्या खोलीत, त्याच टेबलावर उघडून खाऊ लागले. हळूहळू त्या टेबलावर मी एकटीच उरले. सबनीसबाईंना तेव्हापासून ग्रंथालयातला वारा मानवू लागला.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्यावरची गोष्ट. दुपारी मी एकटी जेवत होते. जगदाळेसर आत आले, मागे वळून व्हरांड्यात कुणी आहे का बघितलं, दार थोडं लोटलं आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"वास थेट जिन्यापर्यंत येतो हो, बाई," ते म्हणाले. "आमच्या घरी हल्ली करत नाहीत. सूनबाईंना चालत नाही. त्या पोरीच्या डब्यातली चव मात्र अजून जिभेवर आहे. काय तिचं नाव? काड्यांची खोप केली होती ती."

"हौसा."

"हां, हौसा. काय झालं तिचं?"

"तोडणीला गेली. गेल्याच आठवड्यात टोळी गेली."

"अरेरे," सर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, डोळ्यांत दिसत होतं. "फार हुशार होती हो पोरगी. अशी बुद्धी मी तरी पुन्हा बघितली नाही." आणि असं म्हणता म्हणता त्यांनी दोन बोटं माझ्या डब्याकडे पुढे केली.

मी झाकण लावलं.